पहिल्यांदा योगवर्गाला जाताय? घरून निघण्यापासून शवासनातून उठेपर्यंत

योगवर्गात नाव घालायचं ठरवून ते महिनोन्‌महिने पुढे ढकलणारी माणसं मला नेहमी भेटतात. कारण विचारलं की बहुतेकांचं उत्तर सारखंच असतं: "आधी थोडं वजन उतरवते, अंग जरा वाकायला लागू दे, मग येते." मी स्वतः वर्ग घेते, त्यामुळे हे ऐकून मला फार वाईट वाटतं. ज्यांना वर्गाची खरी गरज असते तीच माणसं या विचारापायी बाहेर राहतात. आखडलेली कंबर, वर न जाणारा खांदा, जिना चढताना लागणारी धाप हे सगळं घेऊनच वर्गात यायचं असतं. पहिल्या दिवशी काहीही करून दाखवायचं नसतं. शिक्षकांना तुमचं शरीर समजावं आणि कुठे थांबायचं हे तुम्हाला समजावं, एवढंच त्या दिवसाचं काम. पुढचं सगळं मी याच हिशेबाने लिहिलं आहे.

## वर्ग कुठला निवडायचा

योगाच्या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. योगेंद्रजींनी १९१८ साली मुंबईत 'द योगा इन्स्टिट्यूट' सुरू केली, ती आज सांताक्रूझला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रियांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो हे क्ष-किरणांसारखी साधनं वापरून तपासलं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला आले आणि पुण्याचेच झाले. पत्नीच्या नावाने त्यांनी उभारलेली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ पासून शिवाजीनगरला चालू आहे. नागपूरला जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने घरोघरी योग पोचवला.

ही नावं सांगायचं कारण असं, की तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा देवळाच्या सभामंडपात वर्ग घेणारे शिक्षक बहुधा यांपैकीच एखाद्या परंपरेत शिकलेले असतात, आणि पहिला दिवस कसा जाणार हे त्यावर बरंच ठरतं. लोणावळ्याच्या पद्धतीत आसनात सावकाश जायचं, ताण न देता थोडा वेळ थांबायचं, सावकाश सोडायचं आणि मध्ये विश्रांती घ्यायची असा क्रम असतो. अय्यंगार पद्धतीत सुरुवातीला उभ्या आसनांवर भर असतो. शिक्षक सतत बोलून बारकावे सांगतात आणि पट्टे, लाकडी विटा, ब्लँकेट, खुर्ची, भिंतीचे दोर अशी साधनं हाताशी असतात. जिममधल्या किंवा स्टुडिओतल्या 'पॉवर योगा' नावाच्या वर्गात मात्र एकातून दुसऱ्या आसनात भराभर जायचं असतं आणि घाम निघतो. लंडन-न्यू जर्सीकडे राहणाऱ्यांना 'विन्यास' किंवा 'फ्लो' नावाने हाच प्रकार जास्त दिसेल. आसनांची नावं ओळखीची वाटली तरी वेग नवख्याला झेपणारा नसतो. तिथे नवशिक्यांसाठी वेगळा वर्ग आहे का ते पाहून मगच पैसे भरा. तापवलेल्या खोलीतला 'हॉट योगा' पहिल्या वर्गासाठी निवडू नका.

चाळिशी उलटली असेल, किंवा पाठ, मान, गुडघे, रक्तदाब यांपैकी काहीही असेल तर पहिल्या दोन पद्धतींपैकी एखादा वर्ग शोधा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि एकवीस जूनला, योगदिनाच्या मैदानावरच्या कार्यक्रमाला जाऊन 'योग केला, मला नाही जमलं' असं ठरवू नका. तो उत्सव आहे आणि छान आहे, पण तिथे शेकडो लोकांत तुमचा गुडघा कुठे वळतोय हे पाहायला कोणी नसतं.

## नाव घालण्याआधी एक फोन

फीपेक्षा या गोष्टी आधी विचारा. एका वेळी वर्गात किती माणसं असतात? वीस-पंचवीसच्या वर असतील तर शिक्षकांना मदतनीस आहे का? नवीन माणसाला जुन्यांबरोबरच बसवतात की वेगळी बॅच आहे? वर्ग सुरू होण्याआधी दुखण्याखुपण्याबद्दल बोलायला पाच मिनिटं मिळतील का? शिक्षकांचं शिक्षण कुठे झालं हे विचारण्यातही संकोच नको. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका, कैवल्यधामसारख्या संस्थेचा अभ्यासक्रम, आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा असं काहीतरी उत्तर यायला हवं. कागदामुळे कोणी चांगला शिक्षक होतो असं मी म्हणणार नाही, पण विचारल्यावर समोरचा चिडला तर तिथे जाऊ नये एवढं नक्की.

एक दिवस नुसतं बसून पाहता येईल का, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी आनंदाने हो म्हणतात. बसून पाहताना शिक्षकांकडे कमी आणि मागच्या रांगेतल्या साठीच्या काकांकडे जास्त लक्ष द्या. त्यांना आसन जमत नसताना शिक्षक काय करतात ते दिसलं की तुमचा निर्णय झालाच.

## आदल्या रात्री आणि त्या सकाळी

पोट रिकामं हवं. भरपेट जेवणानंतर चार तास आणि पोहे-उपम्यासारख्या न्याहारीनंतर दीड-दोन तास जाऊ द्या. सकाळी सहाच्या वर्गाला जाणाऱ्यांचा प्रश्न चहाचा असतो. चहाशिवाय डोकं चालतच नसेल तर अर्धा कप घ्या, पण निदान अर्धा तास आधी. कोमट पाणी चालतं. आदल्या रात्री उशिरा मटणावर ताव मारला असेल तर पुढे वाकताना तो आठवण करून देतोच, म्हणून रात्रीचं जेवण हलकं आणि वेळेवर घ्या. पोट साफ होऊन निघणं सगळ्यात उत्तम.

मधुमेहींनी मात्र 'रिकाम्या पोटी' हा नियम डोळे मिटून पाळू नये. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वर्गाच्या वेळेचं आणि औषधाचं गणित डॉक्टरांना विचारून बसवा. पिशवीत साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा आणि शिक्षकांना ती कुठे आहे ते सांगून ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आसन पुरं करत बसायचं नाही, आधी साखर तोंडात टाकायची.

कपडे सुती आणि सैल हवेत, पण इतकेही सैल नकोत की पाय वर केल्यावर घोळ तोंडावर यावा. लेंगा किंवा ट्रॅक पँट आणि टी-शर्ट पुरे. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी घरी ठेवा. साडीतच वावरणाऱ्या बायकांना पहिल्या दिवशी सलवार घालायचा संकोच होतो. त्यांना मी सांगते की बाकीच्या सगळ्याजणीही तशाच आलेल्या असतात, तुमच्याकडे कोणी पाहणार नाही. मंगळसूत्र लांब असेल तर ते कपड्याच्या आत घ्या. काचेच्या बांगड्या, घड्याळ, अंगठ्या काढून ठेवलेल्या बऱ्या, कारण हातावर भार आला की त्या रुततात. मोजे नकोत, पाय अनवाणीच हवेत. केस वर बांधताना अंबाडा डोक्याच्या मागे नेमका मध्यावर येऊ देऊ नका, नाहीतर उताणं झोपल्यावर मान वाकडी होते.

मॅट लगेच विकत घेऊ नका. बऱ्याच वर्गांत सतरंज्या किंवा मॅट असतात. घ्यायचीच झाली तर चार ते सहा मिलिमीटर जाडीची, न घसरणारी घ्या. दुकानात हाताला गुबगुबीत लागणारी जाड मॅट उभ्या आसनांत पाय डळमळवते. गुळगुळीत फरशीवर नुसती सतरंजी टाकून पाय लांब फाकवून उभं राहिलात तर ती सरकते, त्यामुळे सतरंजीवर फक्त बसून आणि झोपून करायची आसनं करा. याशिवाय एक जुनी सुती चादर, एक छोटा टॉवेल आणि पाण्याची बाटली एवढं सोबत असू द्या. चादर कशासाठी ते शवासनाच्या वेळी कळेल, विशेषतः थंडीच्या दिवसांत.

## पोचल्यावर, सुरू होण्याआधी

दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा. चपला बाहेर, फोन बंद किंवा निःशब्द. जागा निवडताना नवी माणसं हमखास शेवटच्या रांगेत कोपऱ्यात जातात. मी दुसऱ्या रांगेत भिंतीच्या बाजूला बसायला सांगते. तिथून शिक्षक दिसतात, पुढे कोणीतरी बघून करण्यासारखं असतं, आणि तोल गेला तर भिंत हाताशी असते.

मग शिक्षकांकडे जा आणि शरीराची खरी माहिती द्या. या पाच मिनिटांना मी आसनांपेक्षा जास्त महत्त्व देते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात आहे की नाही ते सांगा. नसेल तर डोकं खाली जाणारी आसनं आणि श्वास रोखणं टाळायचं असतं. काचबिंदू असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचा काही त्रास झाला असेल तर तो आवर्जून सांगा, कारण डोकं खाली गेलं की डोळ्यांतला दाब वाढतो. 'डोळ्याचं काय सांगायचं योगाच्या वर्गात' असं वाटून लोक नेमकं हेच सांगायचं विसरतात. कमरेत गादी सरकलेली असेल तर पुढे वाकणं जपून. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पाठीची कमान करून पुढे वाकणं, कंबर जोरात पिळणं नको. हर्निया, वर्षभरात झालेलं पोटाचं ऑपरेशन, सिझेरियन, हृदयाचा त्रास, फिट्स, डोकं वळवल्यावर येणारी चक्कर हे सगळं सांगायचं. गुडघा बदललेला असेल तर वज्रासनाचं, म्हणजे पाय मुडपून टाचांवर बसण्याचं, नावच काढायचं नाही, खुर्चीवर बसून वर्ग करता येतो आणि तो पूर्ण वर्गच असतो.

बायकांनी पाळी चालू असेल तर न लाजता सांगावं. सर पुरुष असतील आणि सांगायला अवघड वाटत असेल तर एखाद्या मदतनीस ताईला सांगा. अय्यंगार पद्धतीत त्या दिवसांसाठी आधार घेऊन करायची वेगळी आसनंच दिली जातात. इतरत्र बहुतेक शिक्षक डोकं खाली-पाय वर अशी आसनं आणि कपालभाती (पोटाच्या झटक्याने श्वास बाहेर टाकण्याची क्रिया) वगळतात. गर्भारपण असेल, किंवा असण्याची शक्यता असेल, तर सर्वसाधारण वर्गाऐवजी गर्भवतींसाठीचा वर्ग शोधा आणि आधी डॉक्टरांची परवानगी घ्या.

आणखी एक गोष्ट याच वेळी बोलून घ्या. काही शिक्षक हात लावून आसन सुधारतात. तुम्हाला ते नको असेल तर "मला तोंडी सांगा" एवढं म्हणायचं. चांगला शिक्षक त्याचा मान ठेवतो.

## वर्ग कसा पुढे सरकतो

एक तासाच्या वर्गाची साधारण चाल अशी असते: सुरुवातीला शांत बसणं, ओंकार आणि प्रार्थना, मग सांध्यांच्या हालचाली, आसनं, थोडा प्राणायाम, शेवटी शवासन. आयुष मंत्रालयाच्या योगदिनाच्या अभ्यासक्रमाचा क्रमही जवळपास असाच आहे. त्याची सुरुवात 'संगच्छध्वं' या प्रार्थनेने होते. अय्यंगार पद्धतीत पतंजलींची वंदना म्हणतात, इतरत्र 'सहनाववतु' ऐकू येईल. येत नसेल तर नुसतं ऐका. प्रार्थना म्हणायची नसेल तर डोळे मिटून शांत बसलात तरी कोणाची हरकत नसते. मांडी घालून बसणं जमत नसलं तर पहिल्या मिनिटातच खुर्ची किंवा भिंतीचा आधार मागा. तसंच रेटून बसलात तर पुढचा तासभर लक्ष फक्त दुखऱ्या घोट्यावर राहील.

हालचालींत मान, खांदे, मनगटं, कंबर, घोटे फिरवून घेतात. यात घाई करू नका. मान गरागरा गोल फिरवायला सांगितली तर ती फिरवू नका. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, सावकाश एवढंच करा.

मग ताडासन येतं. नुसतं उभं राहायचं, त्यात काय शिकायचं असं वाटतं. डोळे मिटून उभं राहून बघा: भार टाचांवर आहे की चवड्यांवर? डाव्या पायावर जास्त की उजव्या? बहुतेकांचा एक पाय बाहेर वळलेला असतो आणि आयुष्यभरात ते लक्षातही आलेलं नसतं. वृक्षासनात एका पायावर उभं राहायचं असतं, तोल जाणारच, तेव्हा भिंतीला एक बोट टेकवा. उचललेला पाय दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर दाबू नका. तो पोटरीवर किंवा मांडीवर ठेवा.

आता दंडासनाकडे येऊ, कारण नवख्याची खरी गाठ इथे पडते. पाय समोर सरळ, पाठ ताठ, हात बाजूला, एवढंच आसन. पण खुर्चीवर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाच्या मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असतात. पाय सरळ केले की ते ओटीपोटाच्या हाडांना मागे ओढतात, कंबर गोल होते, खांदे पुढे येतात आणि माणूस हात मागे टेकून कसाबसा बसतो. त्यात "आता पुढे वाका" म्हटलं की तो पाठीची कमान करून बोटांकडे झेप घेतो. हे थांबवायला सोपा उपाय आहे. ब्लँकेटची किंवा सतरंजीची चार बोटं उंचीची घडी करा आणि तिच्या कडेवर बसा, म्हणजे बूड उंचावर आणि पाय जमिनीवर येतील. मग हातांनी बुडाखालचे स्नायू थोडे मागे सारा, म्हणजे खालची दोन हाडं टेकलेली जाणवतील. तरीही पाठ गोल होत असेल तर गुडघे किंचित वाकवा आणि त्यांच्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. त्या क्षणी पाठ आपोआप उभी राहते, छाती मोकळी होते आणि श्वास खोल जातो. माझ्या वर्गात असा बदल झाला की माणसाच्या चेहऱ्यावर लगेच दिसतो.

"ताई, पण माझे हात पायाच्या बोटांना लागतच नाहीत."

"आज लागायलाही नकोत. कंबर कुठून वाकते तेवढं बघा."

पश्चिमोत्तानासनात पट्टा किंवा टॉवेल तळपायांभोवती टाकून धरायचा आणि पाठ सरळ ठेवून जमेल तेवढंच पुढे यायचं. शेजारचे आजोबा कपाळ गुडघ्याला लावत असतील, ते वीस वर्षं येत असतील.

पोटावरच्या आसनांत भुजंगासन हमखास असतं. हातांनी ढकलून शक्य तेवढं वर जायचा मोह होतो. आधी हात न लावता फक्त पाठीच्या बळावर छाती किती उचलते ते बघा. पहिल्या दिवशी तेवढंच पुरेसं आहे. पाठीवरच्या आसनांत एक-एक पाय उचलून अर्धहलासन, पवनमुक्तासन असं असेल. दोन्ही पाय एकदम उचलताना कंबर जमिनीपासून सुटली तर एकच पाय करा. सर्वांगासन, हलासन, शीर्षासन पहिल्या दिवशी कोणी करायला लावलं तर नम्रपणे नाही म्हणा आणि पडून राहा.

सूर्यनमस्कार आपल्याकडे शाळेतल्या पीटीपासून ओळखीचे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा मनापासून प्रसार केला आणि रथसप्तमीला आजही सामूहिक नमस्कार घातले जातात. ओळखीचे असल्यामुळेच लोक पहिल्या दिवशी जोशात बारा घालतात आणि दुसऱ्या दिवशी मनगटं धरून बसतात. पहिल्या वर्गात दोन-तीन पुरेत, तेही एकेका स्थितीत थांबून. मागे टाकलेल्या पायाचा गुडघा जमिनीला टेकवा, मनगट दुखत असेल तर भार मुठींवर घ्या.

आसनांची नावं ऐकून गोंधळू नका. एकच नाव दोन परंपरांत वेगळ्या आसनाला असू शकतं. लोणावळ्याच्या पद्धतीतलं चक्रासन म्हणजे उभं राहून बाजूला झुकणं, तर अनेक ठिकाणी त्याच नावाने पाठीची पूर्ण कमान करतात. म्हणून यूट्यूबवर पाहून आलेलं बाजूला ठेवा आणि समोरचे शिक्षक काय करताहेत ते पाहा.

## किती ताणायचं

पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत केली आहे: स्थिरसुखमासनम्. त्यांच्या योगसूत्रांतल्या साधनपाद या दुसऱ्या भागातलं हे सेहेचाळिसावं सूत्र वर्गात मोजपट्टीसारखं वापरता येतं. आसनात गेल्यावर स्वतःला तपासा. श्वास सहज चालू आहे का? जबडा आवळला गेलाय का? भुवया आक्रसल्या आहेत का? शेजारच्याशी दोन शब्द न धापता बोलता येतील का? यांपैकी काही बिघडलं असेल तर दोन बोटं मागे या. श्वास परत सुरळीत झाला की ती तुमची आजची जागा.

स्नायूत ओढ जाणवणं ठीक आहे. सांध्यात टोचलं, चमक निघाली, मुंग्या आल्या, कळ हातात किंवा पायात उतरली तर लगेच आणि सावकाश सोडायचं. "अजून थोडं, अजून थोडं" असं म्हणत पाठीवर दाब देणाऱ्या शिक्षकाला मोठ्याने थांबवा. आसन मध्येच सोडून बालासनात (गुडघे दुमडून, कपाळ जमिनीला टेकून) किंवा मकरासनात (पोटावर सैल) पडून राहायला कोणाची परवानगी लागत नाही.

## श्वासाचा भाग

पहिल्या दिवशी दीर्घ श्वसन, फार तर अनुलोम-विलोम (आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास) आणि भ्रामरी (भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडणं) एवढंच असावं. अनुलोम-विलोमात नाक चिमटीत पकडायचं नसतं. अंगठा आणि अनामिका नाकपुडीच्या हाडाखालच्या मऊ भागावर हलके टेकवायचे. श्वास सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ द्यायचा, मध्ये रोखायचा नाही. सर्दीने नाक बंद असेल तर नुसते बसून श्वास बघा.

कपालभातीबद्दल मला काळजी वाटते ती सांगते. टीव्हीवर पाहून लोक ती पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे आवर्तनांनी सुरू करतात. ती मुळात हठयोगातल्या सहा शुद्धिक्रियांपैकी एक आहे. वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्स, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन, गर्भारपण यांत ती करायची नसते. तब्येत ठणठणीत असली तरी पोटाची हालचाल शिक्षकांसमोर नीट शिकून मगच, आणि थोड्या आवर्तनांनी सुरुवात करावी. गरगरलं किंवा कानात दडे बसल्यासारखं झालं की थांबायचं.

## शवासन सोडून पळू नका

शेवटची पाच-दहा मिनिटं ऑफिसची घाई असलेले लोक मॅट गुंडाळून निघतात. पहिल्या दिवशी तरी हे करू नका. पाय दीड-एक फूट अंतरावर, पावलं बाहेरच्या बाजूला सैल, हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर. हनुवटी वर जात असेल तर डोक्याखाली चादरीची पातळ घडी घ्या. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड किंवा उशी द्या, नाहीतर गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर ठेवा. अंग निवत जातं तशी थंडी वाजते, तेव्हा आणलेली चादर पांघरा.

विचार येणारच, दुधाच्या बिलापासून मुलाच्या परीक्षेपर्यंत. ते हुसकायला जाऊ नका. शिक्षक पायाच्या बोटांपासून एकेक अवयव सांगत जातात त्यांच्यामागे लक्ष जाऊ द्या. झोप लागली, घोरणं ऐकू आलं, तरी लाजण्यासारखं काही नाही. कित्येकांना इथे रडू येतं. का येतं याचा शोध त्या क्षणी घेऊ नका, येऊ द्या.

उठताना थेट उठून बसायचं नाही. आधी बोटं हलवायची, मग गुडघे वाकवून एका कुशीवर वळायचं, दोन-चार श्वास तिथेच पडायचं, आणि वरच्या हाताने जमिनीला रेटा देऊन डोकं सगळ्यात शेवटी वर आणायचं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा क्रम कधीच मोडू नये, एकदम उठलं की भोवळ येऊ शकते.

## घरी गेल्यावर आणि पुढचे काही दिवस

पाणी लगेच प्यायलं तरी चालतं. आंघोळ आणि खाणं अर्ध्या तासाने. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पोट, खांद्यांच्या मागचा भाग ठणकेल. न वापरलेले स्नायू वापरले की हे होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. गरम पाण्याची आंघोळ, थोडं चालणं पुरतं. एकाच जागी तीव्र दुखणं, सांध्यावर सूज, पायात उतरणारी कळ किंवा बधिरपणा असेल तर वर्गाला न जाता डॉक्टरांकडे जा आणि नंतर शिक्षकांनाही कळवा.

एका वर्गावरून वर्ग सोडू नका, पण तीन-चार वर्गांनंतर मात्र ठरवा. शिक्षकांना तुमचं दुखणं लक्षात राहिलं का? तुमच्यासाठी त्यांनी एखादं आसन बदलून दिलं का? 'गोळ्या बंद करा, योगाने सगळं जाईल' असं कोणी म्हणत असेल तर त्या दिवसापासून तिथे जाणं बंद करा. गोळी कमी करायची की नाही हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आठवड्यातून दोन-तीनदा वर्ग मिळाला तर बाकीच्या दिवशी घरी पंधरा मिनिटं काढा. त्यात नवीन काही नको: भिंतीशी ताडासन, घडीवर बसून दंडासन, पोटावर पडून हात न लावता भुजंगासन, आणि पाच मिनिटं शवासन. वेळ एकच ठेवा, आणि त्या वेळेत घरच्यांना हाक मारू नका असं सांगून ठेवा. पुढच्या वर्गाला जाताना दंडासनात कुठे ओढ बसत होती, कुठलं मनगट दुखलं, हे कागदावर लिहून न्या आणि सुरुवातीच्या पाच मिनिटांत शिक्षकांना दाखवा.